पाहणाऱ्याचे पाहणे

पाहणे ही खासगी गोष्ट आहे, असे आपण आजवर धरून चाललो. नजर कुठे गेली ते शेजाऱ्याला कळेल. पण तिने काय टिपले, ते आपले आपल्यापाशी. या समजुतीला एका यंत्राने धक्का दिला आहे.

१९९० साली अमेरिकेत सेइजी ओगावा यांनी दाखवून दिले की, रक्तातला प्राणवायू कमीजास्त झाला की त्याचा ठसा एमआरआयच्या चित्रात उमटतो. १९९२ मध्ये बॉस्टनच्या केनेथ क्वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकवून, मेंदूच्या मागच्या भागाकडे होणारी रक्ताची धाव चित्रात पकडली. सुईदेखील टोचावी लागली नाही. पुढे २०११ मध्ये बर्कलीच्या जॅक गॅलंट यांच्या प्रयोगशाळेत तिघे जण तासन् तास यंत्रात निश्चल पडून चित्रफिती पाहत राहिले, आणि मेंदूच्या नोंदींवरून त्या दृश्यांच्या धूसर प्रतिमा तयार झाल्या.

तेव्हा मन आता उघडे पुस्तक झाले काय? मला तसे वाटत नाही. यंत्राला दिसते ते रक्त, आणि तेही काही सेकंद मागाहून. त्या धूसर प्रतिमासुद्धा इतर असंख्य चित्रफितींतल्या जुळत्या निवडून, एकमेकींत मिसळून बनवलेल्या होत्या. ओसरीवरच्या पणतीकडे आजी आणि नातू दोघेही पाहतात. नातवाला तिच्यात फुलबाजी पेटवण्याची सोय दिसते. आजीला गेल्या दिवाळीत ती लावणारा हात आठवतो. यंत्र फार तर ज्योतीचा आकार सांगेल.

उद्या कदाचित त्या आठवणीचाही माग लागेल. आज या यंत्राला माणसाची संमती लागतेच. त्याने नुसते डोके हलवले तरी नोंद बिघडते. ज्या दिवशी ती लागणार नाही, त्या दिवशी आपण ती मागू काय? २०१० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, मेंदूतल्या विद्युत्‌लहरी तपासणारी चाचणी कोणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध लादता येणार नाही, असा निर्णय दिला. पण न्यायालय घराघरांत कुठवर पुरणार? संशयिताच्या, नोकराच्या, पोटच्या मुलाच्या मनात डोकावता येते, एवढ्यावरून डोकावण्याचा अधिकार मिळत नाही, हे ज्याचे त्यानेच जाणले पाहिजे.

कळत असूनही न विचारणे, ही आपल्याकडची जुनी सभ्यता आहे. आजीचे डोळे भरून आलेले दिसले, तर नातवाने पणतीत थोडे तेल घालावे आणि ती आपण होऊन बोलेपर्यंत शेजारी बसून राहावे.