माकडाचं देणं

आमच्या धर्माबादेत दोन गोष्टी मुबलक: मिरची आणि माकडं. मिरचीची कीर्ती परगावी पोचली, माकडांची आमच्यापुरतीच राहिली. वाळत घातलेल्या मिरचीला तेवढं माकड हात लावत नाही. बाकी सगळं त्याचं. ते आलं की अर्ध्या बाजारात 'माकड आलं' आणि उरलेल्या अर्ध्यात 'कोती वच्चिंदि' अशी हाळी उठते. सीमेवरचं गाव. माकडाला दोन्ही भाषा कळतात आणि दोन्हींना ते जुमानत नाही.

आमच्या शेजारच्या अडत्याला मध्यंतरी माकड चावलं. दवाखान्यातून आल्या आल्या ते माझ्यावरच घसरले. "मास्तर, ह्यांना नेऊन टाका वो कुठं तरी प्रयोगशाळेत. काही तरी कामाला तरी येतील!"

"आलीत की कामाला," मी म्हटलं. "रेबीजच्या बऱ्याच लशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवरच वाढवतात."

शेठनी स्वतःच्या दंडाकडे असं पाहिलं, की आता तिथे शेपूट फुटणार. पुढच्या सुईच्या वेळी त्यांनी कंपाउंडरला दबक्या आवाजात विचारलं, "हे माकडाचं आहे का?" तो म्हणाला, "माकडाचं, कुत्र्याचं, सगळ्यांना एकच."

पण गोष्ट खरी आहे. 1962 साली जपानात एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून पेशी काढल्या. ते माकड केव्हाच गेलं. त्या पेशी अजून बाटल्यांतून वाढताहेत. आपली कोव्हॅक्सिन त्यांच्यावरच तयार झाली. त्याआधी, 1950 च्या दशकात, पोलिओच्या लशीसाठी ताजी मूत्रपिंडं लागायची, आणि ती पुरवायचो आपण. लाल तोंडाची माकडं वर्षाला लाखाच्या वर परदेशी जात. 1978 साली मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली. जुन्या पुस्तकांत लाल तोंडाच्या माकडाची हद्द गोदावरीपर्यंत आणि पलीकडे टोपीवाल्या माकडाचं राज्य, अशी वाटणी असे. म्हणजे धर्माबाद लालतोंड्यांच्या वाट्याला. (आता ते नदी ओलांडून पुढेही सरकलेत. त्यांनी ती पुस्तकं वाचलेली नाहीत.)

निर्यात थांबली तेव्हा परदेशी शास्त्रज्ञांना माकडं घरीच वाढवणं भाग पडलं. आपल्याकडेही वसईजवळ सासूनवघरला तसं केंद्र काढायचं मुंबईच्या प्रजनन-संशोधन संस्थेने मनावर घेतलं. ही माकडांची वसाहत चालवणं म्हणजे एकत्र कुटुंब चालवणं. एक नर, पाच-दहा माद्या. साडेपाच महिने पोट, आणि एका वेळी बहुधा एकच पिल्लू. छातीवर गोंदलेला नंबर. क्षयाची चाचणी पापणीत सुई टोचून. आणि राखणदाराचीही तपासणी करावी लागते, कारण क्षय बहुधा माणूसच माकडाला देतो. आईचा मान लेकींकडे जातो. त्यातही धाकटी लेक थोरलीच्या वरचढ! मधूनच एखादी मानाची मादी उचलली, तर सगळ्या पिंजऱ्यात मारामाऱ्या. म्हणून व्यवस्थापकाकडे त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायासारखी वही लागते: कोण कुणाची, कुणाची आजी कोण.

माझं घोडं अडतं ते या वहीपाशी. रानातून माकड धरून आणणं ही उघड चोरी. घरी वाढवलं की चोरीचा डाग गेला, असं आपण समजतो. पण चोराची आणि माकडाची निदान ओळख तरी नसते. इथे ज्याने आईची पापणी तपासली, बाळाचं वजन लिहून ठेवलं, त्यालाच एक दिवस त्याच वहीत बोट ठेवून म्हणायचं असतं, 'हे न्या.' या माणसाला रात्री झोप लागते का? लागत असेल तर मला त्याची भीती वाटते. लागत नसेल तर त्याच्या हातून माकडांचे हाल कमी होतील, एवढा भरवसा वाटतो.

2020 साली कोव्हॅक्सिनसाठी वीस लालतोंडी हवी होती, तेव्हा ती रानातूनच आणावी लागली. टाळेबंदीत हॉटेलं, देवळं बंद. खाणं नाही म्हणून माकडं जंगलात पांगलेली. शोधत शोधत नागपूरच्या बाजूला सापडली. पुण्याच्या विषाणू संस्थेत त्यांचे पाच-पाचचे चार गट पाडले. तीन गटांना लस. चौथ्याला नुसतंच पाणी म्हणा. मग सगळ्यांना विषाणू. ती चौथी पाच नसती, तर बाकीच्या पंधरांना लस लागू पडली हे कळलंच नसतं.

मी लस घेतली आहे. उद्या पुन्हा रांगेत उभा राहीन, ढकलाढकलीही करीन. माझ्या वर्गात लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून खुरडत येणारी मुलं होती. 2014 साली देश पोलिओमुक्त झाला, तशी मुलं आता बघायला मिळत नाहीत. माकडाचा जीव एका पारड्यात टाकून ती मुलं दुसऱ्यात बसवायला मी तयार आहे. फक्त, पारडं जड झालं म्हणून दुसऱ्यातलं फुकट मिळालं असं कुणी म्हणू नये.

आपल्या नियमांत एक कलम आहे: प्रयोगातून सुटलेल्या प्राण्याच्या पुढच्या सांभाळाचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरायचा. पेन्शनच ती! शेठना सांगितलं, तेव्हा ते गल्ल्यावरून न उठताच म्हणाले, "म्हणजे ह्यांना पेन्शन, आन् माझ्या फाटलेल्या धोतराचं कोण देणार?" आणि शनिवार असल्यामुळे नोकराला मारुतीला तेल घालायला पाठवून दिलं.