सहा मीटर खाली

आज घाई नको. खाडीवर जायला अवकाश आहे. फिश फाइंडर, म्हणजे पाण्यातले मासे शोधणारं यंत्र, समोर मांडून बसा: पाच इंची पडदा, त्याची वायर आणि वायरीच्या टोकाला काळा, गुळगुळीत ट्रान्सड्यूसर. एरवी हे सगळं बोटीला स्क्रूने कायमचं जखडलेलं असतं. आपल्याकडे बोट नाही. दाभोळला किंवा जयगडला भाड्याच्या होडीत बसायचं आणि ओहोटी लागली की उतरायचं. म्हणजे दुसऱ्याच्या होडीला भोक न पाडता यंत्र लावायचं आणि निघताना काढून घ्यायचं. काम एवढंच आहे, पण ते सावकाश करा. यंत्राला नेमकं काय कळतं, हे ते बसवतानाच ध्यानात येतं.

आधी बॅटरी उचलून बघा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी, यूपीएसमध्ये असते तीच, अडीच किलोच्या आसपास भरते. पडदा अर्धा-पाऊण अँपिअर खात असेल तर दिवस निघतो. लिथियमची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी साधारण किलोभराची. महाग खरी, पण एसटीतून उतरून जेटीपर्यंत चालताना पैसे वसूल होतात. लाल तारेवर फ्यूज हवाच, पुस्तिकेत सांगितला असेल तेवढ्याच अँपिअरचा. घट्ट झाकणाचा डबा घ्या, बॅटरी तळाला, पडदा वर. डब्यावर जास्त वेळ घालवू नका.

वेळ द्या तो ट्रान्सड्यूसरला. रबरी सक्शन कप गुळगुळीत फायबरला धरतो. खडबडीत, तेल पाजलेल्या लाकडी फळीवर तो टिकत नाही. त्यापेक्षा हातभर पीव्हीसी पाइप, खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर आणि वर सुताराचा सी-क्लॅम्प. क्लॅम्प होडीच्या काठावर आवळा. लाकडाला वळ उठू नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. तोंड सरळ खाली आणि पाण्यात वीतभर बुडालेलं, इंजिनाच्या पंख्याच्या फेसापासून लांब. बुडबुड्यांतून आवाज पुढे सरकत नाही. पाइपला एक दोरी बांधून ती होडीच्या आडव्या फळीला अडकवा. क्लॅम्प सुटला तर दोरी कामाला येते.

हे जुगाड वाटत असेल, तर एक सांगतो. जपानच्या फुरुनो कंपनीने १९४८ मध्ये व्यावसायिक मच्छीमारांसाठी फिश फाइंडर आणला. नंतर १९५९ च्या सुमारास अमेरिकेत लॉरन्सने हौशी गळकऱ्यांसाठी जे काढलं, तो हातात धरून न्यायचा, बॅटरीवर चालणारा हिरवा डबाच होता. आपण नवीन काही करत नाही.

आता डोळे मिटा. होडी खाडीच्या मध्यावर आहे आणि इंजिन बंद आहे. खाली सहा मीटर पाणी. होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या हिशेबात साडेतीन वावांपेक्षा थोडं कमी. ट्रान्सड्यूसरमधून एक ठोका निघतो. २०० किलोहर्ट्झचा असल्यामुळे तो आपल्या कानांना ऐकू येत नाही. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. सहा मीटर खाली, सहा मीटर वर: सेकंदाचा सव्वाशेवा भाग. त्या ठोक्याबरोबर मनाने खाली जा. तळाला गाळ असेल तर तो बराचसा आवाज गिळतो आणि उत्तर मऊ येतं. खडक असेल तर उत्तर ठसठशीत येतं. कधी कधी तो आवाज पृष्ठभागावर आपटून परत खाली जातो आणि पडद्यावर दुप्पट खोलीवर दुसरा तळ उमटतो. नवखा माणूस त्याला खोल डोह समजतो.

वाटेत मासा असेल तर आवाज मुख्यतः परततो तो त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. सातपाटीच्या मासळी बाजारात घोळ माशाची जी पिशवी सोन्याच्या भावाने विकली जाते, तीच ही पिशवी. मुशीला ती नसते, म्हणून मुशी फिकी दिसते. आणि वाळूला चिकटून पडलेली लेप तळाच्या रेषेतच विरून जाते. ‘मासे नाहीत’ असं यंत्र कधीच सांगत नाही. ते सांगतं ‘आवाज परतला नाही’. या दोन वाक्यांतल्या फरकापाशी जरा थांबा.

आता पडदा बघा. उजव्या कडेला आत्ताचा क्षण असतो. डावीकडे सरकत जाणारं सगळं होऊन गेलेलं आहे. डावीकडे उमटलेली माशाची कमान हा होडीच्या डाव्या बाजूचा मासा नव्हे; मघाशी खालून गेलेला मासा आहे. होडी नांगरलेली असेल आणि एकच मासा खाली रेंगाळत असेल, तर पडद्यावर लांबच लांब रेघ येते आणि माणूस हरखून म्हणतो, केवढा मोठा! आणि ठोक्याचा शंकू वीस अंशांचा असेल, तर सहा मीटरांवर यंत्राला दिसतं ते जेमतेम दोन मीटरचं वर्तुळ, जेवायला अंथरलेल्या सतरंजीएवढं. बाकीची खाडी त्याच्या लेखी नाहीच. ती तांडेलाला माहीत असते: तांबोशी कुठल्या खडपाशी असते, उधाणाची भरती कुठे ओढते, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, कुठे पाणी स्थिर राहतं. म्हणून यंत्र सुरू करण्याआधी त्याला विचारा. माझ्या मते यंत्राचा खरा उपयोग त्याने दाखवलेलं खडप नेमकं सापडण्यापुरता आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

डब्यात आणखी एक वस्तू टाका: मोजपट्टी. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवली. पडद्यावरच्या माशाच्या चित्रावरून ती लांबी कळत नाही, आकडा लिहिलेला असला तरी. मासा वर आला की पट्टीला लावा आणि कमी भरला तर लगेच पाण्यात सोडा.