भयाची गोडी आणि मरणाचे भय

इंग्लंडात ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणजे घरात ऊब शोधण्याचा आठवडा. झाडांची पाने गळू लागलेली, दिवस आखडलेला, दाराबाहेर धुके. स्वयंपाकघरात ओव्हन तापतो, दालचिनी-जायफळाचा दरवळ घरभर पसरतो आणि रात्री पांघरुणे लपेटून सारे कुटुंब भयपट पाहते. तिकडे स्थायिक झालेल्या आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हांस विचारले, “फादर, हे ख्रिस्ती माणसाला शोभते काय?” प्रश्न साधा वाटला, तरी त्याने आम्हांस बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

प्रथम भाकरीविषयी. ‘हॅलोवीन’ या शब्दाचा मूळ अर्थच सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या असा आहे. १ नोव्हेंबरला आपण सर्व संतांचा सण साजरा करतो, २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचे स्मरण करतो. हा दुसरा दिवस क्लूनीचे मठाधिपती संत ओदिलो यांनी इ.स. १०००च्या सुमारास आपल्या मठांसाठी ठरविला आणि पुढे तो साऱ्या ख्रिस्तसभेचा झाला. मध्ययुगीन इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब व मुले दारोदार जात, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करीत आणि त्यांना ‘सोल केक’ नावाची छोटी गोड भाकरी मिळे. मेक्सिकोत आजही मृतांच्या दिवसासाठी पाव भाजतात आणि त्यावर कणकेचीच हाडे घडवितात. म्हणजे त्या भट्टीचे आणि मरणाचे नाते जुनेच आहे.

आता भयाविषयी. शोकनाट्य हे करुणा आणि भय जागवून त्या भावनांचे विरेचन करते, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी केली, तीत मुर्नाऊ यांचा १९२२चा ‘नोस्फेराटू’ हा मूक भयपटही आहे. तेव्हा भय दाखविणे हेच पाप, असे आम्हांस म्हणता येत नाही. ज्या चित्रपटात दुसऱ्याच्या यातनेचीच चटक लावली जाते, तो मात्र टाळावा. तेथे पाहणारा घाबरत नाही, तो छळणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो.

तथापि खरा प्रश्न याहून पुढचा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका वृद्धाला अभ्यंग देण्यास गेलो होतो. घरात शांतता होती. “पोरे घाबरतील म्हणून मामाकडे धाडली,” असे सुनेने सांगितले. म्हाताऱ्याने दोनदा नातवंडांची नावे घेतली. पहाटे तो गेला. त्या रात्री मुलांनी मामाकडे भुताचा चित्रपट पाहिला, हे आम्हांस नंतर कळले. त्या माऊलीला दोष देणे सोपे आहे. पण आम्हीही तेथे उभे होतो, आणि ‘मुलांना बोलवा’ असे आम्ही म्हटले नाही. ती चूक आमची आहे.

पडद्यावरचे भय आपल्या मुठीत असते; बटण दाबले की ते संपते. तेथे मरणारा नेहमी परका असतो. मेलेला माणूस तेथे बहुधा सूड उगविण्यास परततो, म्हणून त्याच्यापासून पळावयाचे असते. आपली श्रद्धा नेमके उलट सांगते: आपले मृत आपल्या प्रार्थनेची वाट पाहतात. त्यांचे आपल्याकडे देणे नाही, आपले त्यांच्याकडे आहे. जी मुले केवळ पहिलेच मरण पाहतात, ती आजोबांच्या खाटेपासूनही पळायला शिकली, तर नवल काय?

कोणी म्हणेल, मुलांचे मन कोवळे असते. खरे आहे. पण भयावरचा उपाय भय झाकणे हा नव्हे, सोबत हा आहे. गेथशेमनी बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला आणि त्याने मित्रांजवळ मागितली ती सोबतच. जागे राहा, एवढेच. एका पांघरुणाखाली दाटीवाटीने बसलेल्या कुटुंबाला हे नकळत ठाऊक असते. जवळ कोणी असले की भय सोसवते. मग ही सोबत चित्रपटाला मिळावी आणि मरणाऱ्याला मिळू नये, हा कुठला न्याय?

म्हणून त्या कुटुंबाला आम्ही लिहिले: केक अवश्य भाजा. मुलांच्या वयाला साजेल असा चित्रपट पाहा. परंतु ३१ तारखेला थांबू नका. २ नोव्हेंबरला मुलांचा हात धरून दफनभूमीत जा, मेणबत्ती त्यांनाच लावू द्या, आणि यंदा ज्या घरी मरण आले असेल त्या घरी त्या केकचा एक तुकडा पोहोचवा. त्या दारात मुले थोडी बावरतील. बावरू द्या, तुम्ही त्यांच्याजवळ असालच.