दुखण्याचं व्हाउचर

माझ्या डाव्या नडगीत एक सळई आहे. डॉक्टर तिला ‘रॉड’ म्हणतात, सौ. ‘तुमचं ते लोखंड’ म्हणते आणि आमचे कॅशियर ‘फिक्स डिपॉझिट’ म्हणतात. माझी स्कूटर आणि एक म्हैस यांच्यात रस्त्याच्या मालकीवरून वाद झाला, निकाल म्हशीच्या बाजूने लागला आणि मी ही ठेव पायात घेऊन घरी आलो. हाडाच्या पोकळीत असा दांडा बसवण्याची रीत 1940च्या सुमारास जर्मनीतल्या गेरहार्ड क्युंट्शर नावाच्या सर्जनने रूढ केली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडे छाती फुगवून म्हणतात. त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला. सळई जर्मनीची, पाय परभणीचा!

परभणीचं दुसरं वैभव म्हणजे गारठा. उन्हाळ्यात माणसाला पापडासारखं भाजणारं हे गाव डिसेंबरात एकदम हिमालयाशी सोयरीक सांगू लागतं. डिसेंबर 2018च्या अखेरीस इथल्या कृषी विद्यापीठात 2 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. विद्यापीठाचा आकडा पेपरात सकाळी येतो. माझ्या पायात तो पहाटे चारलाच येतो.

मी पडलो बी.कॉम. कारणाशिवाय खर्ची टाकायचं नाही ही आमची शिस्त. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “अहो, लोखंडाला कुठं दुखतंय? त्याला नसा असतात का?” थंडीने सळई आखडत असेल म्हणावं, तर एका अंशाच्या फरकाने तिची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतकीही बदलत नाही. शिवाय ती आत शरीराच्या उबेत बसलेली. मग दुखतं काय? तर आजूबाजूची मंडळी! थंडीत आखडणारे स्नायू, जखमेच्या वणातल्या हळव्या झालेल्या नसा, कातडीखाली टोचणारे स्क्रू. म्हणजे साहेब गप्प आणि स्टाफची कुरकुर, हा प्रकार पायातही आहेच.

बरं, हवेचा आणि दुखण्याचा संबंध तरी पक्का म्हणावा, तर तेही नाही. 1996 साली रेडेलमायर आणि ट्वर्स्की या दोन संशोधकांनी 18 संधिवातवाल्यांवर 15 महिने नजर ठेवली. संबंध सापडला नाही. 2017 साली अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरकडच्या एक कोटीहून अधिक खेपा पावसाशी ताडून पाहिल्या, तिथंही नाही. 2019 साली इंग्लंडातल्या अडीच हजारांवर लोकांच्या रोजच्या नोंदींतून मात्र दमट हवा, वारा आणि हवेचा उतरलेला दाब यांचा थोडासा संबंध निघाला. थोडासाच. म्हणजे खातं टॅली होत नाही आणि बंदही करता येत नाही.

हे सगळं वाचताना मला एकदम अण्णा आठवले. माझे वडील. तरुणपणी बैलगाडीवरून पडून त्यांचा गुडघा मोडला होता, आणि हाडवैद्याने तो आपल्या मनाप्रमाणे बसवला होता. थंडी पडली की अण्णा म्हणायचे, “आज ठणकतंय रे बाबा.” आणि नवा नवा पदवीधर मी म्हणायचो, “अण्णा, शास्त्रात याला आधार नाही.” दोन हिवाळे मी त्यांना हे ऐकवलं. तिसऱ्या हिवाळ्यापासून त्यांनी सांगणंच बंद केलं. मला वाटलं, गुडघा बरा झाला.

वाचकहो, चूक कुठं झाली ते आता कळतं. ‘थंडीमुळे दुखतं’ यात दोन नोंदी आहेत. ‘थंडीमुळे’ ही तपासता येते, आणि ती खोटी निघू शकते. ‘दुखतं’ ही दुसरी. तिला व्हाउचर नाही, साक्षीदार नाही, सही एकट्याची. मी पहिल्या नोंदीवर शंका घेतली आणि दुसरीही खोडून टाकली.

यावर आमचे कॅशियर म्हणतात, “असा विश्वास ठेवायचा म्हटलं, तर आपल्या त्या देशपांड्यांचं काय? त्यांची पाठ फक्त सोमवारीच दुखते.” प्रश्न बिनतोड आहे. पण मी हिशेब मांडून पाहिला. खोट्यावर विश्वास ठेवला तर बँकेची एक रजा बुडते. खऱ्यावर अविश्वास दाखवला, तर माणूस बोलणंच बंद करतो, आणि ते पुढं कुठल्याच खात्यात वसूल होत नाही. सोमवार परवडतो.

याच गारठ्याच्या तोंडावर, नोव्हेंबरात, पेन्शनर मंडळी हयातीचे दाखले द्यायला येतात. घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही आता दाखला देता येतो. पण पुष्कळांना माणसाला चेहरा दाखवल्याशिवाय आपण जिवंत आहोत असं वाटत नाही. गेल्या वर्षी एक गुरुजी जिना चढून आले. बोटं आखडलेली. सही जुळेना. पूर्वी मी असा कागद “उद्या या” म्हणून परत केला असता. एकदोनदा केलाही आहे.

या वेळी मी खुर्ची पुढं केली, चहा मागवला आणि म्हटलं, “गुरुजी, बोटं जरा गरम होऊ द्या, मग करू सही.” त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. म्हणाले, “थंडीत फार ठणकतं हो.”

“हो, ठणकतं,” मी म्हणालो.

शास्त्रातला आधार मात्र मी सांगितला नाही.