मान वर करा



थेलिस नावाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याची एक गोष्ट प्लेटोने सांगितली आहे. आकाशातील तारे न्याहाळत चालताना हा विद्वान विहिरीत पडला आणि ते पाहून एका दासीला हसू आले. आज आपली मान उलट दिशेला वळली आहे. मोबाईलवर मेसेज टाईप करीत आपण रस्ता ओलांडतो, स्टेशनचा जिना उतरतो, रूळही ओलांडतो. विहीर मात्र अजून तेथेच आहे.

थोडा हिशेब करू या. साध्या चालीने माणूस पाच सेकंदांत सुमारे 7 मीटर पुढे जातो. ताशी 72 किलोमीटर वेगाने येणारी लोकल तेवढ्याच वेळात 100 मीटर अंतर कापते. एक छोटासा मेसेज लिहायला पाच सेकंद सहज लागतात.

अमेरिकेतील वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. आवारात एकचाकी सायकलवर चक्क विदूषक फिरत होता. मोबाईलवर बोलत जाणाऱ्यांपैकी साधारण चौघांतील एकालाच तो दिसला! ही माणसे तर नुसती बोलत होती. टाईप करणाऱ्याची नजरही पडद्यात अडकलेली असते.

विदूषक दिसला नाही तर काही बिघडत नाही. पण वाटेवर जखमी माणूस पडला असेल तर? दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आठवा (लूक 10:25-37). त्याने प्रथम पाहिले, मग त्याला कळवळा आला आणि त्यानंतर तेल, द्राक्षारस व पट्ट्या आल्या. दयेची सुरुवात डोळ्यांपासून झाली. याजक आणि लेवी यांनी निदान पाहिले तरी होते. आपण तर तेथून जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

“फादर, मी पाहिलेच नाही, मग माझा दोष काय?” असे कोणी विचारील. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी की, जे अज्ञान आपण स्वेच्छेने ओढवून घेतो, ते आपल्याला दोषमुक्त करीत नाही. समोरून काठी टेकत येणाऱ्या आजीला आपला धक्का लागला, तर “लक्ष नव्हते” हे उत्तर पुरेसे नाही. लक्ष कोठे द्यायचे हे आपणच ठरवले होते.

मोबाईल वाईट नाही. परदेशी असलेल्या मुलाचा आवाज आईपर्यंत तोच पोहोचवतो. म्हणून एक साधा नियम पाळू या : मेसेज लिहायचा असेल तर रस्त्याच्या कडेला थांबा, लिहा, मोबाईल खिशात ठेवा आणि मग चाला. आईवडिलांनी हा नियम आधी स्वतः पाळावा; मुले ऐकून कमी आणि पाहून अधिक शिकतात.

आज मिस्सा संपल्यावर घरी जाताना मान वर ठेवा. वाटेत भेटणाऱ्या निदान एका माणसाची नावाने विचारपूस करा. प्रभू आपल्याला पाहणारे डोळे देवो.

आपला ख्रिस्तबंधू,
प्रमुख धर्मगुरू