ओळखीचे शरीर

एएलएस या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या प्रेरक चेतापेशी मरत जातात. स्नायूंना हलवणारा संदेश पोहोचेनासा होतो आणि काम न उरलेले स्नायू वाळू लागतात. सुरुवात क्षुल्लक वाटते: बटण लागत नाही, पाऊल अडखळते, जीभ जड होते. पुढे गिळणे आणि अखेरीस श्वास घेणेही अवघड होते. अनेकांची समज मात्र शेवटपर्यंत शाबूत असते. मराठी वाचकाला हा आजार स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे ठाऊक आहे. पण 21व्या वर्षी निदान होऊनही 76 वर्षे जगलेले हॉकिंग हा मोठाच अपवाद होता. बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षांत जातात.

या आजाराविषयीच्या लोकजागृतीची मुख्य अडचण नेमकी हीच आहे. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रिया वर्षानुवर्षे चळवळ चालवू शकतात. एएलएसमध्ये बरे होऊन बोलायला कोणी उरत नाही आणि जे बोलू पाहतात त्यांचा आवाजच आधी जातो. वर्षाला लाखात साधारण दोघांना होणारा हा आजार. रुग्ण विखुरलेले, घरात अडकलेले. अशा आजाराकडे लोकांचे लक्ष वेळेत वेधायचे, तर ते आधीपासून ज्याच्याकडे आहे असाच माणूस लागतो.

न्यूयॉर्क यांकीजचे बेसबॉलपटू लू गेरिग हे त्यातले पहिले. सलग 2,130 सामने खेळलेले गेरिग 2 मे 1939 रोजी डेट्रॉइटमध्ये स्वतःहून संघाबाहेर बसले. 19 जूनला, 36व्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकमध्ये निदान झाले आणि 4 जुलैला भरल्या मैदानात त्यांनी निरोप घेतला. त्यांनी मोहीम अशी काही चालवली नाही. न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर ते जमेल तितके काम करत राहिले आणि 2 जून 1941 रोजी गेले. तरीही अमेरिकेत हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. कारण साधे आहे: एकही सामना न चुकवणारे ते शरीर लोकांच्या डोळ्यांसमोर होते. अनोळखी रुग्णाची खालावत जाणारी प्रकृती त्याच्या घरच्यांनाच कळते. खेळाडूच्या बाबतीत ‘आधी’चे चित्र हजारोंकडे असते, म्हणून ‘नंतर’चे त्यांना चटका लावते.

पुढच्या पिढीने या ओळखीचा जाणीवपूर्वक वापर केला. बॉस्टन कॉलेजचे माजी बेसबॉल कर्णधार पीट फ्रेटीस यांना 2012 मध्ये निदान झाले. 2014 च्या उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याची लाट त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभर पसरवली. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्यातून 11.5 कोटी डॉलर जमले. हा पोरखेळ आहे, अशी टीका झाली. भारतात पाण्याऐवजी बादलीभर तांदूळ गरजूला देण्याचा प्रतिसाद हैदराबादेतून निघाला, तो अधिक शहाणा म्हणावा लागेल. पण त्याच पैशाचा हातभार लागलेल्या संशोधनातून 2016 मध्ये एनईके1 या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध पुढे आला, हेही नाकारता येत नाही.

ब्रिटनमध्ये हे काम रग्बीने केले. स्कॉटलंडकडून 61 कसोटी खेळलेल्या डॉडी वीअर यांनी 2017 मध्ये आजार जाहीर करून संशोधनासाठी प्रतिष्ठान काढले. त्याच्या नावातच त्यांच्या जर्सीचा 5 हा आकडा गुंफला होता. लीड्सचे जेमतेम साडेपाच फुटी रॉब बरो यांना 2019 मध्ये निदान झाले. एरवी रुग्ण खचला की मोहीमही थांबते. इथे संघातले जुने सोबती केव्हिन सिनफील्ड धावू लागले. डिसेंबर 2020 मध्ये त्यांनी सात दिवसांत सात मॅरेथॉन पुऱ्या केल्या. सातच का, तर बरो यांच्या जर्सीचा क्रमांक 7. 2023 च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेपाशी त्यांनी बरोंना खुर्चीतून उचलून पलीकडे नेले. बरो 2 जून 2024 रोजी, 41व्या वर्षी गेले. तोवर या खेळाडूंच्या आणि इतर रुग्णांच्या रेट्यामुळे ब्रिटिश सरकारने संशोधनासाठी 5 कोटी पौंडांचे आश्वासन दिले होते.

या कथेला एक अवघड बाजूही आहे. झुंज, जिद्द, हार न मानणे ही मैदानाची भाषा मोहिमेला बळ देते, पण चेतापेशी जिद्दीला दाद देत नाहीत. लवकर गेलेला रुग्ण कमी झुंजला, असा अर्थ तिच्यातून नकळत निघतो. त्याहून अवघड शंका खेळाविषयीच आहे. इटलीतले फुटबॉलपटू, अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू आणि स्कॉटलंडचे माजी आंतरराष्ट्रीय रग्बीपटू यांच्यात हा आजार अपेक्षेपेक्षा जास्त आढळला आहे. रुग्णसंख्या लहान असल्याने त्यातले मोठे आकडे जपून वाचावे लागतात आणि डोक्याला बसणारे धक्के, अतिश्रम की जनुके, याचा उलगडा झालेला नाही. पण ज्या खेळांच्या प्रेमातून निधी जमतो, त्यांचीच तपासणी त्या निधीतून व्हायला हवी.

उपचारांची गती मात्र मंद आहे. अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळालेले रिलुझोल आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढवते. 2023 मध्ये तिथे मान्यता मिळालेले टोफर्सेन एसओडी1 जनुकातल्या दोषामुळे आजारी झालेल्यांसाठीच आहे आणि असे रुग्ण शंभरात सुमारे दोनच असतात.