शक्यता नाकारता येत नाही

१९५१ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सीआयएनं एक गोपनीय अहवाल तयार केला. युगोस्लाव्हियाच्या टिटोचं स्टालिनशी फाटून तीन वर्षं होत आली होती, तेव्हा सोव्हिएत गोटातले देश त्या वर्षात युगोस्लाव्हियावर चाल करतील का, हा प्रश्न होता. असा हल्ला ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ मानावी, असं अहवालानं म्हटलं. थोड्या दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं अहवाल करणाऱ्या गटातल्या शर्मन केंट यांना विचारलं, हे आकड्यात किती धरायचं? येल विद्यापीठात इतिहास शिकवून गुप्तवार्तेच्या धंद्यात आलेले केंट म्हणाले, हल्ल्याच्या बाजूनं पासष्ट, विरुद्ध पस्तीस. अधिकारी चपापला. त्याच्या खात्यानं शक्यता याहून बरीच कमी धरली होती.

खरी गंमत पुढे आहे. केंट यांनी अहवालावर एकमत झालेल्या आपल्या सहकाऱ्यांना एकेकाला गाठून तोच प्रश्न केला. कुणाच्या मनात वीस-ऐंशी होतं, कुणाच्या बरोबर उलट, ऐंशी-वीस. म्हणजे मतभेद पुरेपूर होता. फक्त तो दिसू नये एवढी सोय त्या दोन शब्दांनी केली होती. भाषा सैल म्हणून असं होतं, असं आपण म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. समितीला असा शब्द हवाच असतो. त्याच्यामुळे सह्या होतात, आणि पुढे काहीही घडलं तरी कुणी खोटं पडत नाही. हल्ला झाला, तर ‘आम्ही म्हणालो होतो’. नाही झाला (आणि तो झाला नाहीच), तर ‘आम्ही फक्त शक्यता म्हणालो होतो’.

केंट यांनी १९६४ मध्ये यावर एक निबंध लिहिला आणि शब्दांना आकडे बांधून दिले. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे ९३ टक्क्यांच्या आसपास, ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५ च्या, ‘प्रॉबेबली नॉट’ म्हणजे ३० च्या, दोन्हीकडे थोडी सूट देऊन. ‘पॉसिबल’ला मात्र त्यांनी आकडा दिला नाही. ‘पॉसिबल’ म्हणजे अशक्य नाही, एवढंच. त्याला ‘सीरियस’ वगैरे विशेषणं लावून वजन आणू नये, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडच्या ‘शक्यता नाकारता येत नाही’ या बातमीतल्या लाडक्या वाक्याला हाच नियम लावला, तर त्यात काहीच सांगितलेलं नाही हे दिसतं. नाकारता न येणाऱ्या शक्यता पैशाला पासरी असतात. सीआयएत केंट यांना विरोधही झाला. आकडे मागणाऱ्यांना त्यांनी गणिती म्हटलं आणि विरोधकांना कवी. कवींवर हा अन्यायच. शब्द जपून वापरण्यात कवी गुप्तहेरांच्या मागे नाहीत.

हा काथ्याकूट वाटत असेल, तर क्यूबाकडे पाहावं. १९६१ मध्ये कॅस्ट्रोविरोधी निर्वासितांना बे ऑफ पिग्जला उतरवण्याच्या योजनेबद्दल अमेरिकी सेनाप्रमुखांचा अभिप्राय गेला: यशाची ‘फेअर चान्स’ आहे. ते शब्द लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात तीसास सत्तर असं अपयशाकडे झुकणारं प्रमाण होतं, हे त्यानं नंतर सांगितलं. आकडा कागदावर आलाच नाही. एप्रिलमध्ये मोहीम तीन दिवसांत आटोपली आणि अकराशेहून अधिक लोक कॅस्ट्रोच्या कैदेत पडले. अपयशाची कारणं बरीच होती, सगळं खापर दोन शब्दांवर फोडता येणार नाही. पण ‘सत्तर टक्के फसेल’ असं स्पष्ट वाचून अध्यक्ष केनेडींनी आणखी चार प्रश्न विचारले असते, असं मला वाटतं.

आकडा देणं म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणं, हा आक्षेप नेहमीचा, आणि तो पोकळ नाही. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादच्या एका घरात बिन लादेन आहे का, याबद्दल अध्यक्ष ओबामांसमोर चाळीसपासून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंतचे अंदाज आले. इतक्या आकड्यांचं करायचं काय? शेवटी त्यांनी ते पन्नास-पन्नास धरून निर्णय घेतला. आकड्यांनी काम सोपं केलं नाही, हे खरं. पण मतं किती फाकलेली आहेत हे निर्णय घेणाऱ्याला आधी कळलं.

केंट यांच्या निबंधानंतर अनेक संस्थांनी तसे तक्ते केले, आणि त्यातून नवाच घोळ झाला. ‘लाइकली’ हा एकच शब्द घ्या. हवामानबदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांत त्याचा अर्थ ६६ टक्क्यांहून जास्त. ब्रिटिश गुप्तवार्ता विश्लेषणात ५५ ते ७५. आणि आपल्या भारतीय हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकातल्या तक्त्यात? २५ ते ५० टक्के. तिथे ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५, आणि त्यापुढे ‘मोस्ट लाइकली’. म्हणजे खात्यानं एखादी गोष्ट ‘लाइकली’ म्हणावी आणि ती निम्म्याहून अधिक वेळा घडू नये, हे त्याच्या नियमात चपखल बसतं. लोक वेधशाळेची टिंगल करतात, त्यातला काही वाटा या शब्दाचा आहे.

तक्ते वाचक पाहत नाहीत, हीही अडचण आहे. आयपीसीसीची वाक्यं लोकांपुढे ठेवून मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी तपासलं, तेव्हा ‘व्हेरी लाइकली’चा अर्थ ठरवून दिलेल्या ९० टक्क्यांपेक्षा बराच खाली लावला गेला. आकडा त्याच वाक्यात शब्दाला लागून छापला, तेव्हा वाचकांचा अंदाज सुधारला.

हवामान खात्याच्या मराठी पत्रकात गुंता आणखी वाढतो. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ यातलं ‘तुरळक’ पाऊस किती जागी पडेल ते सांगतं, म्हणजे जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ‘मुसळधार’ तो किती पडेल ते सांगतं, म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक. पडेल की नाही, हे ‘शक्यता’वर सोपवलेलं. ऐकणाऱ्याच्या कानात ‘तुरळक’ आणि ‘शक्यता’ एकमेकांत मिसळतात, आणि ‘पडला तर पडला थोडाफार’ एवढाच अर्थ उरतो. कपाशीवर औषध फवारायचं की दोन दिवस थांबायचं, हे ठरवणाऱ्याला तीस टक्के आणि सत्तर टक्के यांतला फरक नीट कळतो. फवारल्यावर तासाभरात सर आली तर औषध आणि मजुरी दोन्ही वाहून जातात. खात्यानं तक्ता करून ठेवलाच आहे. त्यातला आकडा ‘शक्यता’ या शब्दाशेजारी, त्याच ओळीत छापायला काय हरकत आहे?